बांधलेलं बोट

या, आत या. चपला राहू द्यात पायात, फरशीवर काचा पडल्यात. उंबरा जरा उंच आहे, तेवढा सांभाळा. आणि ताई, तुम्ही मघापासून माझ्या बोटाकडं बघताय, ते मला दिसतंय बरं का. लागलेलं वगैरे काही नाही. ही चिंधी मी रोज सकाळी कचेरीचं दार उघडताना बोटाला बांधतो आणि संध्याकाळी घरी गेल्यावर सोडतो. का, ते सांगायलाच तर इथं बसतो.

मी मुरलीधर निकम. एकतीस वर्षं महसूल खात्यात कारकून होतो, म्हणून गाव मला अजून भाऊसाहेब म्हणतं. निवृत्त झालो आणि दोन वर्षांनी इथं येऊन बसलो, त्याला आता नऊ वर्षं होतील. कोणी नेमलेलं नाही, पगार नाही, आणि ही जागा दाखवायचं मी काही घेतही नाही. जाताना चहा पाजायचा आग्रह करू नका. लोक करतात, आणि मग मला कारणं सांगत बसावं लागतं.

ही तळवेढ्याची सतरा दारांची कचेरी. मोजा हवं तर, सतराच भरतील. जहागिरीच्या काळात बांधली. कुठल्या साली, ते गावातली तीन म्हातारी माणसं तीन वेगळी सांगतात आणि त्यावरून अजून भांडतात. जहागीर गेली, मग इथं मामलेदार कचेरी आली, मग तहसील. वीस वर्षांपूर्वी तहसील हमरस्त्यावरच्या नव्या इमारतीत गेलं आणि ही पारव्यांना मिळाली. सागवानी खांबांवर कोणाकोणाची नावं बदामात कोरलेली दिसतील, कोपऱ्यात गुटख्याच्या पिचकाऱ्या दिसतील. बाहेर ‘धोकादायक इमारत’ अशी पाटी आहे. ती पाटीच गेल्या वर्षी एकाच्या डोक्यात पडली, तेव्हा तेवढं तरी खरं ठरलं म्हणायचं.

आता इथं बघा. ही देवडी, म्हणजे दारवानाची बसायची जागा. माणूस इथं बसला की त्याच्या डोक्याच्या वीतभर वर ही लाकडी खुंटी येते. रिकामी आहे ना? हिच्यावर कोणी काही अडकवत नाही. तहसील होतं तेव्हा एकदा एका नव्या शिपायानं छत्री टांगली होती, तर पक्षकार बायांनी त्याला असा काही धारेवर धरला की बिचारा दुसऱ्या दिवशी नारळ घेऊन आला.

आणि तुम्ही येताना चौकात वाट विचारलीत, तर ती भाजीवाली आपली टोपली तिथंच टाकून तुमच्याबरोबर इथपर्यंत चालत आली, असं म्हणालात. तुम्हाला नवल वाटलं. आमच्याकडं तीच रीत आहे. तळवेढ्यात वाट बोटानं दाखवत नाहीत, सोबत जातात. निदान चाळिशीच्या पुढची माणसं तरी जातात. पुढची पिढी म्हणते, मोबाइलवर टाका की काका. असो.

तर गोष्ट अशी सांगतात.

गावाच्या वरच्या अंगाला, दीड कोसावर, मोठं तळं होतं. आता तिथं बाभळी आहेत आणि पोरं क्रिकेट खेळतात. कोणा जुन्या माणसानं बांध घालून ओढ्याचं पाणी अडवलेलं, आणि बांधाची राखण पिढ्यान्‌पिढ्या एका कोळ्याच्या घराकडं. बांधाच्या पोटात दगडी मोरी, मोरीला लोखंडी दार. पाऊस फार झाला की कोळी दार उचलायचा, जास्तीचं पाणी ओढ्याला लागायचं आणि बांधावरचा भार उतरायचा. कोणाला विचारायला लागत नव्हतं. आभाळ बघायचं आणि दार उचलायचं.

मग एका उन्हाळ्यात कोणीतरी चोरून मोरी उघडली आणि आपला मळा भिजवून घेतला म्हणे. कोणी, ते आजवर ठरलेलं नाही. जो तो दुसऱ्याच्या खापरपणजोबाचं नाव घेतो. जहागीरदार खवळले. मोरीच्या दाराला मनगटाएवढी जाड साखळी घातली, साखळीला कुलूप ठोकलं आणि किल्ली कचेरीत आणली. पाणी सोडायचं असेल त्यानं कचेरीत यावं आणि रीतसर मागावं, असा हुकूम झाला. कारभाऱ्यानं किल्ली देवडीवर आणून दिली आणि म्हणाला, ठेव ही नीट. देवडीवाल्यानं ती ठेवली, या खुंटीवर. कशाची किल्ली, हे त्यानं विचारलं नाही आणि कारभाऱ्यानंही सांगितलं नाही.

देवडीवाल्याचं नाव सटवाजी. वाईट माणूस नव्हता हो. हे मी मुद्दाम सांगतो, कारण ऐकणारे लगेच त्याचा राक्षस करून टाकतात. देवभोळा, आल्यागेल्याच्या लेकरांच्या हातावर गुळाचा खडा ठेवणारा, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नसलेला. बावीस वर्षं या दारावर बसला होता. रोज पन्नास माणसं येणार आणि प्रत्येकाचं रडगाणं वेगळं. एवढ्या वर्षांत त्याला एक सवय जडली. समोरच्याचं पहिलं वाक्य अर्ध्यात आलं की याचं बोट वर व्हायचं. शेतसारा? ते दार. वारसाचं? ते दार. बोलणारा बोलायचा थांबायचा आणि चालू लागायचा. सटवाजीचं बोट चुकत नाही, अशी त्याची ख्याती होती. त्याचा त्याला अभिमानही होता म्हणे.

त्या साली हस्ताचा पाऊस लागला. हत्ती भिंती पाडतो, असं आमच्याकडं म्हणतात. नवरात्र तोंडावर आलेलं आणि चार दिवस आभाळानं डोळा उघडला नव्हता. पाचव्या सकाळी कोंडू कोळ्याला बांधाच्या पायथ्याशी पाणी झिरपताना दिसलं, आणि ते पाणी गढूळ होतं. बांध थोडाफार झिरपतोच. स्वच्छ झिरपला तर भ्यायचं कारण नाही. गढूळ झिरपला, म्हणजे आतून माती सुटायला लागली. कोंडूनं गावातली सहा माणसं बोलावली. पाट्यांनी माती टाकायला लागले. साखळीवर पहार घातली, तर पहार वाकली. तेव्हा त्यानं बायकोला हाक मारली. तिचं नाव सारजा. वीस-बावीस वर्षांची असेल. तो म्हणाला, पळ, कचेरीतनं मोरीची किल्ली घिऊन ये, तवर आमी बांध धरतो.

दीड कोस चिखलातून ती पळत आली. कचेरी नुकती उघडली होती आणि सटवाजी न्याहारीला बसला होता. ही निथळती, मांडीपर्यंत चिखल. फरशी घाण होईल म्हणून उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली. म्हणाली, “दादा, तळ्याचं काम हाय, मोरीची—”

“तळ्याचं?” सटवाजी म्हणाला. बोट वर झालं. “तिसरं दार.”

किल्ली हा शब्द तिच्या ओठावर होता आणि किल्ली त्याच्या डोक्यावर लटकत होती. तिनं एक शब्द जास्त बोलायचा होता, किंवा त्यानं एक घास कमी खाऊन ऐकून घ्यायचं होतं. ती तिसऱ्या दाराला गेली.

चला, आपणही जाऊ. मी येणाऱ्या प्रत्येकाला हीच वाट चालवतो.

हे तिसरं दार. इथं साऱ्याचे कारकून बसायचे. त्यांनी ऐकून घेतलं, पण तळं म्हटल्यावर ती पाणीपट्टी झाली, आणि पाणीपट्टी सातव्या दारात. हे सातवं. इथून जरा लवकर पुढं चला, वरचा वासा सुटलाय. सातव्या दारात म्हणाले, बाई, कुलूप काही आमचं नाही, ते कोठीतून आलं. कोठी म्हणजे अकरावं दार, या अंगणाच्या पलीकडं. म्हणजे पुन्हा पावसातून. आणि कोठावळे देवपूजेला बसलेले. आतून म्हणाले, बस जरा.

ती या दगडावर बसली असं सांगतात. तुम्हीही बसा. नाही, खरंच बसा, एवढं एक मिनिट. आपलं माणूस मातीच्या पाट्या टाकतंय आणि आत घंटी वाजतेय, हे मनात आणा. बस्स, उठा. एक मिनिटसुद्धा किती होतं बघितलंत ना?

तिला कोणी शिवी दिली नाही. कोणी हाकललं नाही. एकानं तर तांब्याभर पाणी दिलं म्हणे, एकानं डोक्यावर घ्यायला घोंगडी दिली. प्रत्येकानं आपल्याला माहीत होतं ते पुढचं दार दाखवलं, आणि प्रत्येकाचं सांगणं थोडं थोडं बरोबरच होतं. ती सांगत होती की बांध फुटेल. तर ते म्हणत होते की हो, म्हणूनच योग्य जागी जा. असं करत करत दुपार झाली. सोळाव्या दारात एक म्हातारा दफ्तरदार होता. त्यानं मान वर केली, तिच्याकडं नीट बघितलं आणि म्हणाला, “अगं बये, ती किल्ली देवडीवर आहे. सटवाजीच्या डोक्यावर टांगलीय.”

चला, परत देवडीवर. ती पळत आली, तुम्ही सावकाश या.

ती इथं आली आणि या वेळी उंबऱ्यात थांबली नाही. चिखलाच्या पायांनी आत आली आणि नुसतं वर बघितलं. सटवाजीनंही वर बघितलं. त्या क्षणी म्हणे त्याला पाऊस ऐकू आला. चार दिवस पडत होता, पण त्याला ऐकू तेव्हा आला. त्यानं किल्ली ओढली, खुंटी हालेस्तोवर ओढली, आणि अनवाणी धावत सुटला. बावीस वर्षांत कामाच्या वेळी तो पहिल्यांदा देवडीवरून उठला होता. सारजा पुढं, हा मागं.

वेशीपाशी पोचले तोवर आवाज आला. दगड भरलेल्या शंभर गाड्या एकदम उलटाव्यात तसा, असं जुनी माणसं सांगायची. वेस उंचावर, म्हणून ती दोघं वाचली. पाणी त्यांच्या समोरून खालच्या आळीत गेलं. तिथं कुंभारांची, साळ्यांची घरं होती. किती माणसं गेली, ते आमच्यात कोणी आकड्यानं सांगत नाही. सांगू नये अशी पद्धत आहे. बांधावरचे कोंडू आणि त्याचे सहा सोबती, एवढं मात्र सांगतात, कारण ते शेवटपर्यंत जागचे हलले नाहीत. किल्ली येणार, या भरवशावर उभे होते.

दोन दिवसांनी पाणी ओसरलं. सटवाजी त्या दोन दिवसांत घरी गेला नव्हता. मूठ उघडली नव्हती, किल्ली तळहातात रुतली होती म्हणे. तिसऱ्या दिवशी तो बांधाकडं गेला, तर सारजा चिखलात उभी. चहूकडं नुसता गाळ. झाड नाही, पायवाट नाही, कोळ्याचं खोपट कुठं होतं त्याचा माग नाही. घरात तिची म्हातारी सासू होती. जिथं लग्न होऊन आली, जिथं रोज पाण्याला गेली, ती जागा तिची तिलाच ओळखू येईना. तिनं मागं वळून बघितलं, समोर हाच माणूस दिसला. ती म्हणाली, “दादा, माझं घर कुठं हाय?”

आणि त्याचं बोट वर झालं.

सवय हो. बावीस वर्षांची सवय. ‘कुठं’ म्हटलं की बोट वर. दाखवायला समोर काही नव्हतं. सगळं सपाट. बोट तसंच हवेत राहिलं, आणि ती त्या बोटाकडं बघत राहिली. मग म्हणाली, “त्या दिशीबी ह्याच बोटानं दावलंस.”

एवढंच बोलली. ओरडली नाही, शाप दिला नाही. दिला असता तर त्याला सोपं गेलं असतं असं मला वाटतं.

सटवाजीनं हात खाली घेतला. मग पुढं होऊन तिचा हात धरला आणि दोघं गाळात चालायला लागली. दिवसभर चालली. पायांनी चाचपत, काठीनं टोचत. उन्हं कलताना काठी दगडावर वाजली. हातांनी गाळ उपसला, तर जातं निघालं. सारजानं खुंटा हातात घेऊन बघितला. आपलंच. ती त्या जात्यापाशी बसली आणि तेव्हा कुठं तिला रडू फुटलं. सटवाजी शेजारी उभा राहिला. तिचं रडून होईपर्यंत तो हलला नाही.

उठल्यावर तिनं लुगड्याचा काठ फाडला, त्याचं ते बोट घेतलं आणि त्यावर काठ घट्ट बांधला. का बांधला, यावर गावात दोन मतं आहेत. काही म्हणतात, ती माफी होती. मीही पूर्वी तसंच सांगायचो. आता वाटतं, माफी वगैरे काही नसावी. विसरू नकोस, एवढंच तिला म्हणायचं असावं.

जहागीरदारांनी चौकशी लावली. चौकशी पहिल्या दारातून आत गेली आणि सतराव्या दारातून बाहेर पडली. शिक्षा कोणालाच झाली नाही. सटवाजीनं मात्र देवीपुढं शपथ घेतली की या दारातून जो आत येईल त्याचं बोलणं मी पुरं ऐकेन, त्याच्याबरोबर चालत जाईन आणि त्याचं काम होईस्तोवर त्याच्या शेजारी उभा राहीन. हे बोट कोणाला वाट दाखवायला पुन्हा उचलणार नाही. नोकरी सुटली तरी तो यायचा. मरेपर्यंत आला. त्याच्यामागं गावातलं कोणी ना कोणी बोटाला चिंधी बांधून इथं बसत आलं. एकदा एक गुरव होता, एकदा एक सुईण होती. पगार कोणाला नव्हता. आणि गावानं ती रीत घरोघर उचलली, ती ही, वाट दाखवायला सोबत जायची.

माझ्या आधी अंतू शिंपी होता. एक पाय अधू, तरी इथं येणाऱ्याला लंगडत लंगडत टेबलापर्यंत न्यायचा. आम्ही कारकून त्याला हसायचो. आला बघा पट्टीवाला, म्हणायचो.

हो, मी इथंच होतो. मघाशी सातव्या दारातून मी तुम्हाला घाईनं पुढं काढलं. वासा सुटलाय हे खरं आहे, पण तो काही आज पडणार नाही. खिडकीच्या डाव्या बाजूला माझं टेबल होतं. दाखल्यांचं टेबल.

एका जूनमध्ये सुगंधा नावाची बाई आली. माळावरच्या वस्तीतली, खुरपणीला जाणारी, नवरा नसलेली. लेकीला नर्सिंगला घालायची होती. लेक हुशार, नंबर लागलेला. उत्पन्नाचा दाखला तेवढा हवा होता, आणि जिल्ह्याला जाऊन कागद भरायची मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत. अंतू त्या आठवड्यात तापानं पडला होता, म्हणून ती एकटीच आत आली. मी काहीतरी लिहीत होतो. ती म्हणाली, भाऊसाहेब, माझ्या पोरीचा दाखला— आणि मी मान वर न करता बोट केलं. चार नंबर खिडकी.

चार नंबरनं रेकॉर्डला पाठवलं. रेकॉर्डनं सर्कलकडं. सर्कल दौऱ्यावर. दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता ती फिरून माझ्यापुढं उभी राहिली. तेव्हा मी टेबलावरचा ट्रे चाळला. दाखला सहीशिक्क्यासकट तयार होता. तीन दिवसांपासून माझ्याच ट्रेमध्ये होता, माझ्या कोपराखाली. तालुक्याहून जिल्ह्याला जायला अडीच तास लागतात. मी तिला म्हणालो, पुढच्या वर्षी भरा की, त्यात काय एवढं. हे माझे शब्द आहेत. अजून कानात वाजतात.

पुढच्या वर्षी त्या मुलीचं लग्न लावून दिलं होतं.

अहो, ही गोष्ट मला पाळण्यापासून तोंडपाठ. माझ्या आजीनं सांगितलेली. गॅदरिंगला मी सटवाजीचं काम केलं होतं, बोटाला खरी चिंधी बांधून. आणि त्याच कचेरीत, त्याच भिंतींच्या आत, मी तेच केलं. सटवाजीला निदान माहीत नव्हतं. मला सगळं माहीत होतं. बांध फुटला नाही, कोणी वाहून गेलं नाही, म्हणून माझी गोष्ट कोणी सांगत नाही. मीच सांगतो, ती ही अशी, चार परक्या माणसांना.

सुगंधाबाई वारल्या. त्यांची लेक रंजना, तिला नवऱ्यानं टाकलं, ती परत आली. आता एसटी स्टँडच्या फाटकाशेजारी तिचा चहाचा गाडा आहे. हसतमुख आहे. कोणाला चक्कर आली, कोणा लेकराला खरचटलं, की हातातलं टाकून आधी तीच धावते, पाणी मारते, पट्टी बांधते. बघणारे म्हणतात, अगदी नर्ससारखी आहे हो. मी हे माझ्या कानांनी ऐकलंय.

अंतू गेला त्यानंतर ही देवडी चार वर्षं रिकामी होती. मग मी येऊन बसलो. लोकांना वाटतं भाऊसाहेबांना इतिहासाचं वेड आहे. वाटू दे. येणाऱ्या सगळ्या मंडळींना मी विचारतो, माझ्यानंतर ही चिंधी कोण बांधील? लोक फोटो काढतात. छान उपक्रम आहे म्हणतात. तुम्हाला लागू नये म्हणून सांगतो, तुमच्यावर राग नाही. माझा गुडघा अजून दोन पावसाळे काढील. त्याच्या आधी इमारत पडली तर प्रश्नच मिटला.

आजही तळवेढ्यात ही खुंटी रिकामी आहे. आजही नवरात्राच्या तोंडावर गावातल्या बायका बांधाच्या जागी जातात आणि गाळातून निघालेल्या त्या जात्यावर मूठभर ज्वारी ठेवून येतात. आजही इथं आलेल्या माणसाला आम्ही वाट बोटानं दाखवत नाही, त्याला जायचं असेल तिथवर सोडायला जातो. तुमची गाडी साडेपाचची ना? चला, मी येतो स्टँडपर्यंत. कुलूप लावतो तेवढं.

ताई, एक मागू का? तुम्ही पहिल्यांदा बोटाकडं बघितलंत, म्हणून तुम्हालाच विचारतो. नऊ वर्षं मी माणसांना सोडायला त्या फाटकापर्यंत जातो. फाटकापासून रंजनाचा गाडा पंधरा पावलांवर आहे. ती लांबूनच हाक मारते, या काका, चहा घ्या. मी हात हलवतो आणि मागं फिरतो. तिनं मला ओळखलंय की नाही, ते मला ठाऊक नाही. तिच्या आईची माफी मागायची राहिली. तिची तरी मागायची आहे. बोलायचं काय, ते नऊ वर्षांत पाठ झालंय, फक्त ती पंधरा पावलं होत नाहीत.

आज तुम्ही सोबत आहात. तो बघा गाडा, जा, असं मला म्हणू नका. गाडा मला दिसतो. तुमच्यापैकी कोणीतरी माझा हात धरा आणि मला तिथपर्यंत न्या, आणि माझं बोलून होईपर्यंत शेजारी उभे राहा.